भोकर ते जेद्दा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मागच्या महिन्यात आमच्या घरी एक छोटा प्रसंग घडला. माझी खाला यंदा हजला निघाली आहे. वय सत्तरीच्या घरात, गुडघे दुखरे, पण उत्साह सतरा वर्षांचा. तिचा नातू मोबाइलवर बोटं फिरवत तिला माहिती देत होता. ‘नानी, मुंबई ते जेद्दा साडेतीन हजार किलोमीटर. विमानाला पाच तास लागतात.’ खालानं पान जुळवता जुळवता विचारलं, ‘और भोकरसे?’

पोरगा गप्प झाला. मोबाइलला मुंबई ठाऊक, जेद्दा ठाऊक. भोकरहून किती, हे त्यानं विचारलंच नव्हतं.

हिशेब तसा अवघड नाही. भोकरहून मुंबई रेल्वेनं साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. नंदीग्राम एक्स्प्रेसमध्ये संध्याकाळी बसावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत उतरावं, तेरा-चौदा तास. म्हणजे साडेसहाशे किलोमीटरला चौदा तास आणि पुढच्या साडेतीन हजाराला पाच. खालाचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. भोकर काय, किनवट काय, उमरी काय, आपल्या भागातल्या माणसाला मक्का किती लांब होती, हे नकाशावर फूटपट्टी ठेवून कळत नाही. ते दिवसांत मोजावं लागतं, आणि प्रत्येक पिढीचे दिवस वेगळे.

शिडाच्या गलबतांच्या काळात हिंदुस्थानातून हजला जाण्याचं मोठं दार होतं सुरत. त्या बंदराला ‘बाब-उल-मक्का’, म्हणजे मक्केचं दार, असंच म्हणत. अकबर बादशहाची आत्या गुलबदन बेगम या वाटेनं गेली. १५७५ च्या सुमारास ती फतेहपूर सिक्रीहून निघाली. समुद्रावर पोर्तुगीजांचा अंमल, त्यांचा परवाना मिळेपर्यंत सुरतेत बरेच महिने गेले. येताना एडनजवळ जहाज फुटलं, तिथं अडकून पडावं लागलं. राजधानीत परत पोचली ती १५८२ मध्ये. बादशहाच्या आत्याला सात वर्षं लागली, तर आपल्याकडच्या एखाद्या विणकराचं काय होत असेल, याचा विचार करावा.

यातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. अरबी समुद्रावरचे वारे सूर्याच्या हिशेबानं वाहतात. सुरतेहून निघणारी गलबतं पावसाळ्याआधी, मार्चच्या सुमारास तांबड्या समुद्राकडे सुटत आणि पावसाळ्याच्या शेपटाला, ऑगस्ट-सप्टेंबरात परतत. हजचा महिना मात्र चंद्राच्या हिशेबानं येतो. दरवर्षी तो दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. त्यामुळे ज्या पिढीच्या नशिबात हज आणि वारे जुळून आले, तिचा प्रवास सहा महिन्यांत आटोपला. ज्या पिढीत ते जुळले नाहीत, तिला हिजाजमध्ये महिनोन् महिने वाऱ्याची वाट पाहत बसावं लागलं. अंतर तेच, समुद्र तोच, पण बाप आणि मुलगा यांना लागणारा वेळ वेगळा. आजच्या विमान कंपनीच्या वेळापत्रकात ही गंमत नाही.

आणि वाटेत चाचे. १६९५ साली हाजींना घेऊन परतणारं ‘गंज-ए-सवाई’ हे औरंगजेबाचं प्रचंड जहाज इंग्रज चाचा हेन्री एव्हरी यानं सुरतेच्या वाटेवर लुटलं. बायाबापड्यांची जी विटंबना झाली, ती ऐकून सुरतेत आग भडकली. बादशहा तेव्हा दख्खनमध्येच मुक्काम ठोकून होता. एवढ्या मोठ्या बादशहाला आपल्या हाजींना सुखरूप घरी आणता आलं नाही. म्हणून तर जाणारा माणूस आधी मृत्युपत्र करत असे, कर्ज फेडत असे आणि कफनाचं कापड सोबत घेत असे.

पुढे वाफेच्या बोटी आल्या. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, तांबड्या समुद्रात आगबोटींची वर्दळ वाढली आणि मक्केचं दार सुरतेहून मुंबईला आलं. वाऱ्याची वाट पाहणं संपलं. पण वेळ वाचला की हाल वाचतात, असं नसतं. बोटमालक जनावरं कोंबावीत तशी माणसं कोंबत. परतीचे पैसे संपलेले गोरगरीब जेद्द्याच्या रस्त्यांवर पडून राहत. त्यांचं करायचं काय, हा इंग्रज सरकारला मोठा प्रश्न होऊन बसला. १८८६ साली सरकारनं हाजींची ने-आण सुधारण्याचं काम थॉमस कुक या प्रसिद्ध प्रवासी कंपनीकडे दिलं. गोऱ्या साहेबांना स्वित्झर्लंड दाखवणारी कंपनी डेकवरच्या हाजींची तिकिटं काढू लागली! ते काही जमलं नाही. १८९३ मध्ये कंपनीनं अंग काढून घेतलं.

त्याच काळात पटकीच्या साथी फिरत होत्या. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, येमेनच्या किनाऱ्याजवळ कामरान नावाचं उजाड बेट आहे. तुर्की सरकारनं १८८२ पासून तिथं क्वारंटाइनचं ठाणं चालवलं. हिंदुस्थानातून येणाऱ्या बोटी तिथं थांबवत, माणसं उतरवत, कपडे वाफेत घालत, दिवसच्या दिवस छपराखाली ठेवत आणि वर त्याचे पैसे घेत. बोटीला साथ असली तर मुक्काम आणखी लांबे. मक्का दोन-तीन दिवसांवर आलेली, आणि माणूस बेटावर बसून दिवस मोजतोय. १८९७ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा तर सरकारनं मुंबईहून हजला जाण्याची वाटच बंद केली. कोरोनाच्या साथीत २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं आपल्याकडून कुणी हजला जाऊ शकलं नाही, तेव्हा लोक म्हणाले की असं कधी घडलं नव्हतं. घडलं होतं, आठवणीतून गेलं होतं.

हे झालं मुंबईच्या पुढचं. भोकर ते मुंबई हा टप्पाही काही सोपा नव्हता. आपला मुलूख निजामाच्या राज्यात. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे ही मीटरगेज लाइन सिकंदराबादहून नांदेड, परभणी, औरंगाबाद करत मनमाडला जाऊन भिडली, ती १९०० च्या सुमारास. त्याआधी बैलगाडी, नाहीतर पाय. लाइन झाल्यावरही मनमाडला उतरून, गाठोडी डोक्यावर घेऊन मुंबईची मोठी गाडी धरावी लागे. पैसाही वेगळा. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले, बाहेर इंग्रजी रुपया. त्याला आपल्याकडे कलदार म्हणत. सात हाली रुपये मोजले की सहा कलदार मिळत. म्हणजे भोकरच्या माणसाची पुंजी मक्केच्या वाटेवर पहिल्यांदा वितळायची ती आपल्याच देशात.

निजामाच्या राज्याबद्दल आपल्या मराठवाड्याच्या मनात अनेक कडवट गोष्टी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. रझाकारांचे दिवस आमच्याही घरातल्या म्हाताऱ्यांनी मान खाली घालून सांगितले. पण हजच्या वाटेवर त्या राज्याची एक खूण अजून शिल्लक आहे. हैदराबादच्या निजामांनी मक्का-मदिनेत आपल्या रयतेसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांना ‘रुबात’ म्हणतात. राज्य १९४८ मध्ये गेलं, १९५६ मध्ये त्याचे तीन तुकडे तीन राज्यांत वाटले गेले. हरमच्या विस्तारात जुन्या इमारतीही राहिल्या नाहीत. पण मक्केतल्या रुबातीच्या लेखी ते संस्थान अजून आहे. तेलंगणातले, कर्नाटकातल्या बिदर-गुलबर्ग्याकडचे आणि आपल्या मराठवाड्यातले हाजी तिथं फुकट मुक्कामाला पात्र धरले जातात. जागा थोडी, म्हणून चिठ्ठ्या काढतात. पुण्याच्या हाजीला ही सवलत नाही, नांदेडच्या हाजीला आहे. सत्तर-पाऊणशे वर्षांपूर्वी पुसली गेलेली सीमा परदेशातल्या एका धर्मशाळेच्या रजिस्टरात जिवंत असावी, याला काय म्हणावं!

आता माझ्या आजोबांकडे येतो. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. दादा मणियार होते. बांगड्यांची पेटी घेऊन आठवडी बाजार करायचे. भोकर, मुदखेड, उमरी, हिमायतनगर. १९७९ साली त्यांचा हजचा नंबर लागला. मी दहा वर्षांचा होतो. विमानं तेव्हाही होती, पण ती पैसेवाल्यांची. दादा बोटीनं जाणार होते. मोगल लाइन या जुन्या कंपनीच्या बोटी मुंबई-जेद्दा करत. ही कंपनी मुळात १८७७ मधली आणि १९६० पासून सरकारच्या ताब्यात आलेली. समुद्रावरचं अंतर तेवीसशे सागरी मैल, म्हणजे सव्वाचार हजार किलोमीटरहून थोडं जास्त. बोट बरी असली तर आठवडा, नाहीतर दहा, बारा, पंधरा दिवस.

जाण्याआधी दोन महिने दादा गावोगाव हिंडले. बांगड्या विकायला नव्हे, ‘कहा-सुना माफ करो’ म्हणायला. हजला जाणाऱ्यानं सगळ्यांची माफी मागून निघायचं असतं. कुठं आठ आणे देणं राहिलेलं, कुठं फुटक्या बांगडीवरून शब्दाला शब्द झालेला. एका खेड्यात एका म्हातारीनं त्यांना दारात उभं करून वीस वर्षांपूर्वीचं भांडण आठवून आठवून सांगितलं, पोटभर बोलली, मग आत जाऊन भाकरी-पिठलं घेऊन आली. दादा रात्री घरी येऊन म्हणाले, ‘आज एक मोठं ओझं उतरलं.’ इतका वेळ घेऊन निरोप घेणारा माणूस मी नंतर पाहिला नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला भोकर स्टेशनावर अर्धं गाव जमलं. दादांची पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात उर्दूत नाव आणि मराठीत ‘भोकर, जि. नांदेड’. मीटरगेजची गाडी हलली तेव्हा आजी रडली नाही. घरी आल्यावर तिनं दादांची वहाण उचलून कोनाड्यात ठेवली. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

पुढची हकीकत दादांनी परत आल्यावर सांगितलेली. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात मुक्काम, लशीचे दाखले, मग गोदी. डेकवर नऊ दिवस. पहिले तीन दिवस नुसत्या उलट्या. चौथ्या दिवसापासून केरळचे, बंगालचे, काश्मीरचे लोक एकमेकांचं लोणचं चाखू लागले. दादांनी आयुष्यात पहिल्यांदा नारळाच्या तेलातला पदार्थ खाल्ला आणि त्याचं वर्णन मरेपर्यंत केलं. तांबड्या समुद्रात यलमलम या ठिकाणाच्या समोर बोट आली की भोंगा वाजे. तिथून पुढे इहराम बांधायचा, म्हणजे पुरुषांनी शिवलेले कपडे उतरवून दोन पांढऱ्या चादरी गुंडाळायच्या. दादा म्हणत, भोंगा वाजला तेव्हा कुठं आपण घरातून निघालोय, हे मनाला पटलं.

त्या वर्षी बकरीद ऑक्टोबरच्या अखेरीस होती. हज झाला. बोटीनं गेलेल्यांना परतीची बोट लागेपर्यंत थांबावं लागे. त्या दिवसांत लोक मदिनेची जियारत करून येत. आणि २० नोव्हेंबर १९७९ ला, हिजरी १४०० सालच्या पहिल्या दिवशी, पहाटेच्या नमाजाला मक्केतल्या मोठ्या मशिदीत बंदुका घेतलेल्या टोळीनं कब्जा केला. सौदी सरकारनं परदेशी जाणाऱ्या टेलिफोनच्या तारा तोडल्या. कोण आहेत, किती मेले, काही कळेना.

आमच्या गल्लीत रेडिओ होता तो शाळेतल्या गुरुजींकडे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः आमच्या दारात आले. आत आले नाहीत. वडिलांना बाजूला घेऊन हळू आवाजात बोलले. त्या दिवसापासून रोज रात्री आम्ही त्यांच्या ओसरीवर. आधी आकाशवाणीच्या बातम्या, मग बीबीसी उर्दू. गुरुजींना उर्दू येत नव्हतं, पण ते काटा सरकू न देता बसायचे आणि वडील त्यांना मराठीत समजावून सांगायचे. मक्केतल्या गोळीबाराची बातमी भोकरला दीड-दोन दिवसांत पोचली. पण त्या मक्केत आमचा माणूस होता की नव्हता, हे सांगणारं जगात कुणी नव्हतं. दादा तेव्हा मदिनेत होते, साडेचारशे किलोमीटर दूर. हे आम्हाला कळायला वीस दिवस लागले.

आज श्रोत्यांना सांगायचं असेल तर मी हेच सांगेन, की बोटीच्या दिवसांतली खरी लांबी ही होती. दादांचे नऊ दिवस डेकवर बरे गेले. ते वीस दिवस आजीचे होते.

४ डिसेंबरला मशीद मोकळी झाल्याची बातमी आली. मग एक दिवस तार आली. त्या काळी तार म्हणजे कुणीतरी गेलं, एवढाच अर्थ. आजीनं ती उघडू दिली नाही. पोस्टमन सायकल धरून उभा. आजी म्हणत होती, ‘परत ने, आमची नाही.’ शेवटी गुरुजींना बोलावलं, कारण तार इंग्रजीत. त्यांनी चष्मा लावला, वाचली आणि म्हणाले, ‘अम्मा, मुंबईला उतरले. परवा येतात.’ आजी मटकन खाली बसली आणि तेव्हा मात्र रडली.

दादा घरी आले, खजूर वाटले, जमजमचं पाणी घोटघोट दिलं. पाच दिवसांनी पोस्टमन पुन्हा आला. मदिनेहून टाकलेलं दादांचं पत्र होतं, २२ नोव्हेंबरची तारीख. ‘मी सुखरूप आहे, काळजी करू नये.’ दादांनी ते आपल्याच हातानं फोडलं आणि आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनंही शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एकदाही ‘तुम्ही तर समोर बसला आहात’ असं म्हणाली नाही.

मोगल लाइन १९८६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. १९९५ साली हजची शेवटची बोट गेली आणि नंतर सगळा प्रवास विमानानं सुरू झाला. विमानभाड्यावरच्या सरकारी अनुदानाचा वाद पुष्कळ वर्षं गाजला. ते हळूहळू बंद करावं असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सांगितलं आणि २०१८ मध्ये ते बंद झालं. माझ्यासारख्या बऱ्याच मुसलमानांना त्यात वाईट वाटलं नाही. हज ज्याच्या ऐपतीत आहे त्याच्यावरच फर्ज आहे. त्याच वर्षी बोटी पुन्हा सुरू करण्याची घोषणाही झाली होती, नव्या बोटींना तीन-चार दिवसच लागतील असं सांगितलं गेलं. बोट काही निघाली नाही.

माझे आईवडील २००७ च्या अखेरीस विमानानं गेले. भोकरहून मुंबई एक रात्र, हज हाउसमध्ये दोन दिवस, विमानात पाच तास. मीक़ात, म्हणजे इहराम बांधण्याची हद्द, विमान आकाशातून काही मिनिटांत ओलांडतं. तिथं कपडे कुठं बदलणार? म्हणून वडिलांनी मुंबईतच इहराम बांधला. विमानतळाच्या चकचकीत फरशीवर दोन पांढऱ्या चादरींतले दोन-अडीचशे पुरुष, आणि बाजूला दुबईला निघालेली टाय लावलेली मंडळी, एकाच रांगेत. वडील म्हणाले, मला सारखं वाटत होतं की मी फार लवकर तयार झालो.

जेद्द्याला उतरल्यावर आईनं घड्याळाकडे पाहिलं आणि ती गोंधळली. सौदीची वेळ आपल्या अडीच तास मागे. सकाळी आठला निघालेलं विमान तिथल्या घड्याळात साडेदहाला उतरलं. म्हणजे साडेतीन हजार किलोमीटर अडीच तासांत! पुढे मात्र विमानतळावर त्यांना बसून राहावं लागलं ते अकरा तास. हजसाठी बांधलेलं ते टर्मिनल १९८१ मध्ये सुरू झालं. भल्यामोठ्या तंबूंसारखी त्याची छतं आहेत, आणि ती उभारण्यात ढाक्याकडचे थोर अभियंते फजलुर रहमान खान यांचा हात होता. आईला तंबू आवडले. ती म्हणाली, बाजाराच्या पालासारखं वाटलं, दादा असते तर पेटी उघडून बसले असते.

तिचा फोन त्याच रात्री आला. ‘पोचलो, जेवलो, तुझ्या वडिलांचं डोकं दुखतंय.’ मग रोज फोन. भाजी कोणती केली, म्हशीनं दूध दिलं का. मक्केत बसून ती भोकरचा संसार चालवत होती. दादांनी ते अडीच महिने जे सोडलं होतं, ते तिला एक दिवसही सोडता आलं नाही. तिनं कुणाची माफी मागायला गावोगाव हिंडावं, एवढा वेळही नव्हता. विमानाची तारीख आठ दिवस आधी कळली. जवळच्यांना घरी बोलावलं, दूरच्यांना फोन केले.

मी त्या काळाची हळहळ करतोय, असं कुणी समजू नये. कामरानच्या छपराखाली बसलेल्यांना, किंवा तारेला हात न लावणाऱ्या माझ्या आजीला विचारलं असतं, तर त्यांनी पाच तासच निवडले असते. मीही निवडीन. फक्त दादांसारखं एकेका दारात उभं राहण्यासाठी दोन महिने कुठून आणायचे, ते मला अजून सुचलेलं नाही.

खालाची तयारी जोरात आहे. दादांची पत्र्याची ट्रंक आमच्या माळ्यावर आहे, तिच्यात रजया ठेवलेल्या असतात. खालाला तीच न्यायची होती. नातवानं समजावलं की विमानात असल्या ट्रंका घेत नाहीत, वजनाची मर्यादा असते. तिनं चाकांची बॅग घेतली आणि रंगाऱ्याला बोलावून तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहून घेतलं, ‘भोकर, जि. नांदेड’. परवापासून ती रोज संध्याकाळी एकेका घरी जाऊन येते. रिक्षा लावते, गुडघा धरून उतरते. विमानाची तारीख अजून आलेली नाही. नंदीग्रामचं तिकीट कधी काढायचं, म्हणून नातू खोळंबलाय.